फुलांची तारीख

जपानचा रस्ता कागलवरून जातो असे मी म्हटले, तर आमच्या महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक माझ्याकडे रागाने पाहतील. पण आमच्या घरापुरते ते अगदी खरे आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माझे थोरले बंधू एका फौंड्रीत काम करतात. तिथे हजेरीच्या खिडकीशेजारी एक जपानी कॅलेंडर टांगलेले आहे. कुठल्याशा यंत्राबरोबर ते आले असावे. त्यातले एप्रिलचे पान कुणी उलटतच नाही. नदीच्या दोन्ही काठांना झाडे, पानाचा पत्ता नाही, आणि फांदीन् फांदी फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेली. पावसाळा येतो, दिवाळीचा बोनस वाटला जातो, तरी फौंड्रीत आपला एप्रिलच!

‘पंचतारांकित’ या शब्दाने परगावच्या माणसाची मोठी फसगत होते. माझ्या एका पुणेकर स्नेह्याने तर तिथल्या खोलीचे भाडे विचारले होते. प्रत्यक्षात कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांच्या माळावर पसरलेली ही कारखान्यांची वसाहत. फौंड्र्या, यंत्रशाळा, कापडाचे कारखाने, आणि पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा. इथे फुलांचा विषय निघावा असे काही नाही.

तो निघाला अण्णांमुळे. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. अण्णांनी शाळा सोडली आणि ते भट्टीपुढे उभे राहिले, ते आजतागायत. त्यांच्या पगारावर मी एम.ए. झालो. ते वितळलेल्या लोखंडाच्या धगीत उभे होते आणि मी पंख्याखाली उभा राहून मुलांना निसर्गकविता शिकवत होतो! या माणसाने माझ्याजवळ कधी काही मागितले नव्हते. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे आहेत. एका रात्री जेवता जेवता ते सहज म्हणाले, “बाळ, त्या कॅलेंडरातली झाडं एकदा बघायला पायजेत रं.”

झाले! मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

वाचकहो, चेरीच्या फुलांचा बेत आखणे हे मुलीचे लग्न जमवण्यापेक्षा कठीण आहे. जपानातली बहुतेक प्रसिद्ध झाडे ‘सोमेइ योशिनो’ या एकाच जातीची, आणि सगळी कलमांनी वाढवलेली. जणू एकच झाड हजार ठिकाणी उभे आहे. म्हणून एका गावातली झाडे एकदमच फुलतात आणि आठ-दहा दिवसांत एकदमच झडतात. टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात एक नमुन्याचे झाड आहे. त्याच्यावर पाच-सहा फुले उमलली की हवामान खात्याचा अधिकारी शहरात बहर सुरू झाल्याचे जाहीर करतो. क्योतोमध्ये तर बाराशे वर्षांच्या नोंदी आहेत. 2021 साली तिथे 26 मार्चलाच पूर्ण बहर आला. त्या साऱ्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. हवा तापत चालली, तशी फुलांची तारीखही अलीकडे सरकू लागली आहे.

आता अण्णांच्या रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा लागतो. फूल महिनाभर आधी कळवत नाही. शिवाय विमानाच्या तिकिटांचा आकडा पाहून माझी पेन्सिलच थांबली. शिलाँगला नोव्हेंबरात रानचेरी फुलते, हे मला आठवले. आपले वैद्य ज्याला पद्मकाष्ठ म्हणतात, तेच हे झाड. पण येण्याजाण्यातच आठवडा जाणार. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, साताऱ्याजवळ कास आहे ना!”

कास! साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. जांभ्या दगडाचे सपाट पठार, त्यावर बोटभर माती. तिथे मोठे झाड मूळ धरू शकत नाही, म्हणूनच इवल्या फुलांचे राज्य. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कासही आहे. पण इथेही पंचाईत तीच. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत केव्हा काय फुलेल, ते पाऊस ठरवतो. रोज किती माणसे सोडायची तेही ठरलेले, म्हणून नाव आधी नोंदवावे लागते. गणपती बोळवल्यावरचा दुसरा बुधवार मी पक्का केला. अण्णांची रजा मंजूर झाली. गाडी ठरली.

आदल्या रात्री फोन आला. “बाळ, उद्याचं जमत न्हाई. जोडीदाराच्या आईला दवाखान्यात न्हेलंय. त्येची पाळी मी धरलीया.”

मी रागावलो. इतका, की दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन तडक फौंड्रीच्या फाटकाशी गेलो. जन्मभर दुसऱ्यांच्या पाळ्या करणाऱ्या या माणसाला चार शब्द सुनवायचेच, असे ठरवून गेलो होतो. अण्णा बाहेर आले. तोंडावर काजळी, भुवयांत वाळू. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, “हिकडं ये.” भिंतीमागे जळक्या वाळूचा ढीग होता. त्याच्या कडेने गुलाबी तेरडा फुलला होता, आणि पलीकडच्या मोकळ्या माळावर कुर्डूचे तुरे डुलत होते. “पंधरा दिस झालं. पैल्या पाळीला येताना बघतो. परवा लई हुता. आता उतरणीला लागलाय.”

आमच्या घरात फुलांची नोंद ठेवणारा एक माणूस होता, आणि तो मी नव्हतो. सुनवायचे चार शब्द मी डब्याबरोबर त्यांच्या हाती दिले नाहीत, एवढेच.

पुढच्या आठवड्यात आम्ही कासला गेलो. तेरड्याची गुलाबी ओसरत चालली होती आणि सोनकीची पिवळी चढत होती. ओल्या खडकावर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके होते. दवबिंदूच्या चिकट पानांत एक चिलट अडकले होते. ते फूल मी दाखवले, तर अण्णा उकिडवे बसून किती तरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. जपानचे नाव त्यांनी काढले नाही. निघताना मात्र म्हणाले, “फुडच्या साली मला रजा मागाय लागणार न्हाई. तारीख फुलांनी सांगायची, आन् आपण निघायचं.”

ते ठीक आहे. पण नोकरीत आता मीच उरणार. रजेचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तारखेची जागा कोरी आहे. प्राचार्यांना ते कसे पटवायचे, याचाच सध्या मी विचार करीत आहे.