तापट, पण कामाचा

पावसाळा लागला की नळातून आधी त्याचा वास येतो, मागून पाणी. "आज औषध जरा जास्तच टाकलंय," म्हणत आपण नाक मुरडतो आणि तरी हंडा भरून ठेवतो. क्लोरीनला त्याचं सुखदुःख नाही. दिसेल त्याच्या अंगावर धावून जायचं आणि त्याचे इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायचे, एवढंच त्याला येतं. समोर कॉलऱ्याचा जंतू आहे की टायफॉइडचा, ही चौकशी तो करत नाही.

बेल्जियमने त्याची दोन्ही रूपं पाहिली. 1902 साली मिडेलकेर्क इथे तो नळाच्या पाण्यात कायमचा नोकरीला लागला. 1915 साली त्याच देशात, ईप्रजवळच्या खंदकांवर, जर्मन सैन्याने त्याला हिरवट-पिवळ्या ढगाच्या रूपात सोडलं. युद्ध संपलं, पाण्यातली नोकरी मात्र टिकली आणि जगभर पसरली.

त्याच्या स्वभावाची तिसरी बाजू 1974 साली रॉटरडॅममध्ये उजेडात आली. तिथल्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की क्लोरीन टाकल्यावर पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो. पालापाचोळा कुजून पाण्यात उतरलेल्या पिंगट द्रव्यांनाही क्लोरीन तितक्याच त्वेषाने भिडतो. त्या झटापटीतून क्लोरोफॉर्म जन्मतो, आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्याची ब्रोमीनवाली भावंडंही. कुटुंबाचं नाव ट्रायहॅलोमिथेन. 1976 साली अमेरिकेत क्लोरोफॉर्मच्या मोठ्या मात्रेने प्रयोगातल्या उंदरांना कर्करोग झाल्याचं दिसलं आणि 1979 साली तिथे या कुटुंबावर मर्यादा आली: लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम, पुढे 80. माणसांच्या बाबतीत, वर्षानुवर्षं असं पाणी वापरणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण काहीसं जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं; कारण हेच, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. शिवाय हे पाहुणे तोंडावाटेच येतात असं नाही. गरम पाण्याने अंघोळ करताना वाफेतून आणि कातडीतूनही शिरतात.

गंमत अशी की नाकाला कळतो तो क्लोरीन; ही पिल्लावळ एवढ्याशा प्रमाणात वासाने ओळखू येत नाही. मुख्य वाहिनीतून लांबच्या टोकाला पोचेपर्यंत क्लोरीन विरत जातो आणि ती वाढत जाते. म्हणजे वास आला म्हणून घाबरणारा आणि वास नाही म्हणून निर्धास्त राहणारा, दोघेही फसतात.

गावात जलसुरक्षक ओटी चाचणी करतो: नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग चढला की तो रंगपट्टीशी ताडून पाहायचा. त्यातून क्लोरीन किती उरलाय ते कळतं, त्याने मागे काय ठेवलंय ते नाही. ते कळायला प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र लागतं. भारतीय मानकात क्लोरीन आणि क्लोरोफॉर्म या दोघांच्या नावापुढे योगायोगाने एकच आकडा आहे, लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम. क्लोरीन निदान एवढा उरलाच पाहिजे, क्लोरोफॉर्म याच्यावर जाता कामा नये.

ॲमस्टरडॅमने 1983 साली क्लोरीनला निरोप दिला आणि पुढे अख्ख्या नेदरलँड्सने. त्यांना ते परवडतं; त्यांच्या वाहिन्या घट्ट आहेत आणि चोवीस तास दाबाखाली असतात. आपल्याकडे पाणी तासाच्या हिशेबाने सुटतं. ते बंद झालं की दाब उतरतो आणि गटाराशेजारच्या फुटक्या सांध्यातून घाण आत येते. अशा ठिकाणी क्लोरीनला घरी बसवलं तर काविळीची आणि जुलाबाची साथ दारात उभी राहील. जागतिक आरोग्य संघटनाही हेच बजावते: असे उपपदार्थ कमी करा, पण निर्जंतुकीकरणाच्या जिवावर नको.

म्हणून त्याला सुधारण्याच्या भानगडीत न पडता त्याची पाळी शेवटी लावावी. आधी तुरटीने गाळ खाली बसवा, वाळूच्या थरातून पाणी गाळा, धरणाच्या काठावरची घाण रोखा, मग याला बोलवा. भांडायला जंतूंखेरीज फारसं कुणी उरलं नाही, तर या तापट गड्याच्या हातून नुकसानही तेवढंच कमी होईल. पिंगट, गढूळ पाण्यात नुसती मात्रा वाढवत नेणाऱ्याने मात्र दोष क्लोरीनवर ढकलू नये.