अपडिदातवा

माझ्या फेलोशिपला ना फॉर्म होता, ना मुलाखत, ना सही. महिन्याच्या पहिल्या रविवारी मॅडम पर्समधून एक खाकी पाकीट काढत आणि माझ्या वहीत सरकवत. आत साडेसातशे रुपये. "एक ट्रस्ट आहे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सही न मागणारा ट्रस्ट मुंबईत कुठे असतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

२०१३ सालची गोष्ट. कालिन्याला शनिवार-रविवारी भरणाऱ्या पुरातत्त्वाच्या वर्गाला मी घाटकोपरहून जायचे. वर्गात कॉलेजची आम्ही चार-पाच पोरं. बाकी सगळे निवृत्त अधिकारी, गृहिणी, एक दातांचे डॉक्टर. माझ्या बाकावर मुलुंडचे एक काका बसत. बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केलेले. डबा उघडला की आधी माझ्यापुढे धरायचे आणि शिकवणं चालू असताना समासात आकडेमोड करायचे.

सप्टेंबरमध्ये मॅडमनी नाशिकच्या दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख शिकवला. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने लेणं दिलं आणि तीन हजार कार्षापणांची अखयनीवी, म्हणजे अक्षय ठेव, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरिक, म्हणजे वस्त्रांसाठीचे प्रत्येकी बारा कार्षापण.

काका उठून उभेच राहिले. "मॅडम, हिशेब जुळतो!" फळ्यावर जाऊन त्यांनी मांडलं : दोन हजारांवर वर्षाला बारा टक्के, दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही. "एकोणीसशे वर्षांपूर्वीचं लेजर टॅली झालं," म्हणत ते जागेवर आले, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. पाऊण टक्का महिना म्हणजे वर्षाला नऊ, हे त्यांनी बसल्या बसल्या काढलं. "आमची बँक सध्या ठेवीला हाच दर देते बघ," मला म्हणाले.

त्याच लेखातला एक शब्द मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला : 'अपडिदातवा'. हे मुद्दल परत करायचं नाही, नुसतं व्याज भोगायचं.

दिवाळीनंतर मी वर्ग सोडायचं ठरवलं. आईच्या शिवणाच्या मशीनवर घर चाललं होतं. फीचा दुसरा हप्ता, बस, झेरॉक्स हे सगळं त्या मशीनवर टाकणं मला पटेना. मॅडमना सांगितलं. काका शेजारीच होते, डब्याचं झाकण लावत. पुढच्या महिन्यात पाकीट आलं.

खरी शाळा मात्र कान्हेरीला भरली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरून बसने वर जायचं, माकडांपासून डबे सांभाळत पायऱ्या चढायच्या, आणि शंभरावर लेण्यांपैकी आपल्या वाट्याला आलेल्यांच्या पोढ्या मोजायच्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. लेखांतला 'पाणियपोढी' हाच शब्द पुरातत्त्ववाले अजून वापरतात. लोक तिसऱ्या लेण्यातल्या चैत्याचे आणि दोन उंच बुद्धांचे फोटो काढून परततात. मला विचाराल तर कान्हेरीचा चमत्कार तिच्या पाणीपुरवठ्यात आहे. डोंगराच्या उतारावर हातभर रुंदीच्याही नसलेल्या पन्हळी कोरल्यात, त्या पावसाला लेण्यालेण्याच्या टाक्यात नेऊन सोडतात.

आणि हे दिलं कुणी? राजांनी थोडंच. शोभना गोखल्यांचं कान्हेरीच्या शिलालेखांवरचं पुस्तक मी पिशवीत घेऊन फिरायचे. त्यात कल्याणचा सोनार सामिदत टाकं देतो, कल्याणचाच लोहार नंद वाट देतो. नुसती वाट! चैत्य दिलं ते गजसेन आणि गजमित या व्यापारी भावांनी. शके ७६५च्या, म्हणजे इसवी सन ८४३च्या लेखात देणगीचा एक द्रम्म पुस्तकांसाठी वेगळा काढलेला आहे. "एकच?" काका भडकले होते. मुलुंडच्या त्यांच्या गच्चीवरून हाच डोंगर पाठमोरा दिसतो. पोरांना तिथून बिबट्याची भीती घालण्यात जन्म गेला, म्हणायचे, आणि डोंगराच्या पोटात एवढा हिशेब कोरलेला आहे हे साठाव्या वर्षी कळलं.

मार्चातल्या एका दुपारी टेपचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. ऊन मरणाचं. कुठल्याशा बोलण्यावरून मी म्हणाले, "काय कंजूष ट्रस्ट आहे हो काका, साडेसातशेत आजकाल काय होतं?" काकांनी टेप ताणला. "दोन मीटर चौदा," म्हणाले. "लिही."

पुढच्या महिन्यापासून पाकिटात आठशे येऊ लागले.

तिसऱ्या वर्षी मी खापरांवर नंबर घालण्याच्या कामात रुळले होते. खापर धुवायचं, सुकवायचं, आतल्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा हात, त्यावर बारीक टाकाने शाईचा नंबर, पुन्हा नेलपॉलिश. आज एका संग्रहालयाच्या भांडारात माझी नोकरी आहे ती या अक्षरामुळे. भांडारातल्या नोंदवहीत 'कोणाकडून प्राप्त' असा एक रकाना असतो. तो कोरा दिसला की मी अस्वस्थ होते.

काका गेले त्यानंतर त्यांच्या सूनबाईंनी बोलावून वर्गाच्या वह्या माझ्या हाती दिल्या. "तुम्हालाच उपयोग," म्हणाल्या. शेवटच्या वहीच्या मागच्या पानांवर बँकेच्या अक्षरात रकाने आखलेले होते. वर शीर्षक : चीवरिक. मुद्दल एक लाख, नऊ टक्के, दरमहा ७५०. एप्रिल २०१४ : ८००, आणि पुढे कंसात 'पोढीपाशी तक्रार'. ठेवीचं दर वर्षी नूतनीकरण; दर घसरत गेलेला. २०१६ला साडेसात टक्के, व्याज ६२५. खाली 'खिशातून १७५'. बेरजा सगळ्या बरोबर. माझं नाव कुठेही नव्हतं.

मी तिथेच सोफ्यावर बसून राहिले. सूनबाईंनी चहा आणला, तो निवला. रक्कम व्याजासकट परत करायची म्हटलं तरी कुणाला, आणि त्या फळ्यावरच्या शब्दानंतर कुठल्या तोंडाने?

पान उलटलं तर उषवदाताची दुसरी ठेव मांडलेली. हजारावर नऊ टक्के, नव्वद. भागिले वीस, साडेचार. लेखात या व्याजाला 'कुशणमूल' म्हटलंय, आणि त्याचा अर्थ काय यावर विद्वानांचं एकमत नाही. काकांनी त्या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता आणि शेजारी लिहिलं होतं : 'हे कशाचे? मॅडमना विचारणे. त्यांना नाही जमलं तर पोरगी शोधेल.'