वापरलेल्या मेंदूंची पेठ

मुंबईत पुष्कळ रस्त्यांना दोन नावे असतात : एक पाटीवरचे आणि दुसरे तोंडातले. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून थोडे चालले की एक गजबजलेला रस्ता लागतो. पाटीवर तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याच्या तोंडी मात्र अजून लॅमिंग्टन रोडच. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. साहेब गेले, साम्राज्य गेले, नाव तेवढे राहिले.

आमच्या वडिलांची पिढी या रस्त्यावर यायची ती सिनेमासाठी. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षे हलला नाही. आता इथे गर्दी होते ती निराळ्याच नटांसाठी. दुकाने अरुंद, पण खोल. भिंतीला छतापर्यंत लहान लहान खण, आणि खणांत बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तू. आयुष्यभर समास आणि अलंकार शिकवलेल्या माझ्यासारख्याने इथे येण्याचे काही कारण नव्हते. पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला आमचा भाचा म्हणाला, “मामा, चला, तुम्हांला भंगार दाखवतो.” असे आमंत्रण कोण नाकारील?

एका दुकानापुढे खोका होता. त्यात काड्यापेटीएवढे हिरवे बोर्ड कांद्यासारखे ओतलेले. एखाद्या कारखान्याने दहा हजारांची मागणी दिलेली असते, मध्येच नमुना बदलतो. मग उरलेला माल घाऊक विकला जातो आणि हातोहात फिरत अशा खोक्यांत येऊन पडतो. काही बोर्ड कोरे, काही जुन्या यंत्रांतून काढलेले. “साब, चालू हालत का माल है,” शेठ म्हणाले. भाच्याने एक उचलून उजेडात धरला. “मामा, हे मेलेले नाहीत. नुसती नोकरी गेलीय यांची.”

प्रत्येक बोर्डावर नखाएवढी काळी चकती असते. तिचे नाव मायक्रोकंट्रोलर. विचार करणारा भाग, स्मरणशक्ती आणि बाहेरच्या जगाला हात लावणारे पाय, सारे एकाच चकतीत. इंटेलने १९८० साली काढलेल्या ८०५१ वर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. पुढे २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी अर्डुइनो जन्मला आणि ही विद्या हौशी मंडळींच्या हाती आली. अर्डुइनो उनोवरच्या चकतीत आज्ञावलीला जागा ३२ किलोबाइट आणि चालू कामाची स्मरणशक्ती अवघी २ किलोबाइट. हा लेखसुद्धा तिच्यात मावायचा नाही! पण दिवा लावायला, पाणी मोजायला आणि घंटी वाजवायला असे कितीसे आठवावे लागते?

खोक्यातले बरेच बोर्ड ईएसपी ८२६६ या चकतीचे होते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चकती २०१४ साली स्वस्तात मिळू लागली आणि वायफाय हौशी माणसाच्या आवाक्यात आले. तिला नवी नोकरी लावायची तर पाच बिंदू शोधायचे : ३.३ व्होल्टचा पुरवठा, जमीन, बोलायची तार, ऐकायची तार आणि शून्य क्रमांकाचा पाय. हा पाय जमिनीला जोडून वीज दिली की चकती जुने काम सुरू न करता नव्या आज्ञा ऐकायला बसते. मग संगणकातून हवी ती आज्ञावली पाठवावी. एक पथ्य मात्र कडक : भिंतीच्या प्लगमधून काढलेला बोर्ड घरच्या विजेला जोडलेला असताना या तारा कधीही लावायच्या नाहीत. त्यात संगणक जळेलच, पण माणूसही दगावू शकतो.

मी विचारले, “मग सगळेच बोर्ड असे शहाणे?” भाच्याने मान हलवली. काही चकत्यांना कुलूप असते. अर्डुइनोच्या जातीच्या चकतीचे कुलूप सभ्य आहे : जुन्या मालकाचे गुपित वाचू देत नाही, पण सगळे पुसून टाकले की घर नव्या भाडेकरूला मोकळे. ईएसपी ३२ या नव्या चकतीत मात्र कारखानदाराला अशी सोय आहे, की आतली सूक्ष्म खूण एकदा जाळली म्हणजे त्याच्या सहीची आज्ञावलीच चालते. ती खूण परत पुसता येत नाही. दाराचे कुलूप किंवा विजेचा मीटर कुणी बाहेरच्याने फितवू नये, म्हणून हा बंदोबस्त. त्यात तथ्य आहे. पण नमुना बंद पडला की तीच धडधाकट चकती जन्माची बेकार होते.

ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ साली झाले, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. त्यांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली. त्यात सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम यांचा हिशोब होतो आणि तो व्हायलाच हवा. पण भट्टीतून धातू परत मिळतो, अक्कल मिळत नाही. वाळूची चकती होईपर्यंत जी वीज, जे पाणी आणि जे कसब खर्ची पडले, ते धुरात गेले.

त्या दिवशी घेतलेल्या तीन बोर्डांची किंमत सिनेमाच्या एका तिकिटाहून कमी होती. त्यांतला एक आज आमच्या इमारतीच्या गच्चीवर आहे. पूर्वी टाकी भरून रात्रभर वाहायची आणि सकाळी नळाला नुसती हवा. आता टाकीतला तरंगता गोळा वर आला की बोर्ड सेक्रेटरींच्या फोनवर निरोप धाडतो. पंप बंद करायला अजून माणूसच उठतो. पण तळमजल्यावरच्या आजींना सकाळी अंघोळीला पाणी मिळते.

दुसरा बोर्ड भाच्याने यंदाच्या आकाशकंदिलाला दिला. तिसऱ्याला मात्र कुलूप निघाले. तो आमच्या टेबलावर पडून आहे. चांगला हिरवागार, कुठे डाग नाही की ओरखडा नाही. विकत घेतलेली वस्तू आपली केव्हा होते, हा प्रश्न मी आजवर व्याकरणातल्या षष्ठीपुरताच शिकवीत आलो. आता नवे यंत्र घेताना दुकानदाराला मी एक प्रश्न जास्त विचारतो : “तुमची कंपनी उद्या याला विसरली, तर हे माझे ऐकेल काय?”