तलाव, पांजरापोळ आणि झवेरी बाजार

मुंबईत सी. पी. टँक येथे उतरणाऱ्यास तलाव कोठेच दिसत नाही. दुकाने, हातगाड्या, पाट्या डोक्यावर घेऊन वाट काढणारे हमाल आणि खरेदीस आलेली कुटुंबे एवढेच दृष्टीस पडते. नावातील कावसजी पटेल हे अठराव्या शतकातील पारशी गृहस्थ. लोकांच्या पाण्याची सोय व्हावी म्हणून त्यांनी येथे तलाव बांधला. त्या काळी मुंबई बेटाला विहिरी आणि तलाव यांवाचून पाण्याचा दुसरा आधार नव्हता. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावे त्याच काळाची साक्ष देतात. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे ही जुनी तळी रोगराईचे मूळ ठरली आणि एकेक करून बुजविली गेली. पाण्याची गरज दुसरीकडून भागताच तळ्याखालची जमीन पाण्याहून मोलाची झाली.

अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक कोडे मांडले होते. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी त्याला मोल नाही. हिऱ्याचा जगण्यास उपयोग नाही, तरी त्याचे मोल अपार. वाणिज्याचा प्रत्येक विद्यार्थी हे कोडे आणि त्याचे उत्तर पाठ करतो. वस्तूची किंमत तिच्या एकूण उपयोगावर ठरत नाही. हाती असलेल्या साठ्यात आणखी एका नगाची भर पडली तर किती समाधान वाढेल, यावर ती ठरते. उत्तर बिनचूक आहे. मात्र ज्याची गरज आहे पण जो गिऱ्हाईक होऊ शकत नाही, त्याचे काय करावे, हे त्यात सांगितलेले नाही. भुलेश्वरच्या वस्तीत हा प्रश्न जवळजवळ दोनशे वर्षे उभा आहे, आणि तेथील महाजनांनी त्यावर शोधलेला उपाय व्यापारी घरांनी समजून घ्यावा असा आहे.

माधवबागेला लागूनच मुंबईची पांजरापोळ आहे. बाहेरच्या गल्लीत बांगड्या, लेस, लग्नाचे साहित्य आणि खोटे दागिने यांची गर्दी. आत पाऊल टाकताच गोठ्याचा ओला वास, हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या आणि कबुतरांची फडफड. भाकड गायी, वासरे, बैल स्वस्थ रवंथ करीत असतात. ज्या भागात चौरस फुटावर भाव ठरतो, तेथे दूध न देणारे जनावर पाय पसरून बसलेले पाहून नवख्या माणसास आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

या जागेचा जन्म एका दंगलीतून झाला. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. पैशाच्या लोभाने माणसे घरांच्या आवारात शिरून कुत्री ओढून नेऊ लागली. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाने याविरुद्ध उठाव केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि त्यात हिंदू व जैनही सामील झाले. मेलेल्या कुत्र्याची किंमत आठ आणे ठरली होती, जिवंत कुत्र्याची मात्र काहीच नव्हती. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने पांजरापोळ स्थापन झाली, ती ही उणीव भरून काढण्यासाठी. या दोघांची संपत्ती चीनशी चाललेल्या कापसाच्या व अफूच्या व्यापारातून आली होती. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यांचे खरे चातुर्य जागा मिळविण्यापेक्षा खर्चाच्या व्यवस्थेत दिसते. केवळ मोठ्या देणग्यांवर विसंबून न राहता व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक दराने पट्टी लावून घेतली. तिला लागा म्हणत. ज्या वस्तूला बाजारात भाव होता, तिच्या पाठीवर भाव नसलेल्या गरजेचे ओझे बांधून दिले गेले. उलाढाल वाढली की लागाही वाढे. दात्याचा उत्साह, सणाचा दिवस, फलकावरील नाव यांपैकी कशाचीच वाट पाहावी लागत नसे.

आज बहुतेक पांजरापोळींत कायम तिथीची प्रथा आहे. एकदा रक्कम भरली की दरवर्षी त्या तिथीचा चारा व्याजातून घालावयाचा. भावना निर्मळ, हिशेब मात्र कच्चा. समजा, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कोणी ५,००० रुपये ठेवले. तेव्हा दहा टक्क्यांनी वर्षाला ५०० रुपये येत. आज सहा-सात टक्क्यांनी ३०० ते ३५० रुपये येतील आणि चारा तेव्हाच्या कित्येक पट महाग झालेला असेल. भिंतीवरची तिथी कायम राहते. त्या दिवशीचा चारा कायम राहत नाही. ठेव तीच राहिली आणि गरज वाढत गेली, तर फरक कोणी तरी मुकाट्याने भरीत असतो, किंवा पेंढी लहान होत असते.

हेच चित्र संघांच्या खातेवहीतही दिसते. पर्युषणात चौदा स्वप्नांचे चढावे होतात तेव्हा उपाश्रयात बसण्यास जागा उरत नाही. आकडा चढत जातो, जयजयकार होतो, आणि ती रक्कम देवद्रव्यात जमा होते. तिचा विनियोग मंदिर व प्रतिमा यांसाठीच व्हावा, हा नियम योग्यच आहे. दात्याचा हेतू बदलता येत नाही, हे न्यासाचा कायदाही सांगतो. परंतु सातही क्षेत्रांस उपयोगी पडणारे साधारण खाते बहुधा तुटीत असते. अडचणीतील साधर्मिकाच्या मुलाची फी, पाठशाळेच्या शिक्षिकेचे मानधन, उपाश्रयाचे वीजबिल यांसाठी विश्वस्तांना घरोघर फिरावे लागते. शास्त्राने साधारण खात्यात बोली लावण्यास कोणासही अडविलेले नाही. अडते ते तेथे जयजयकार होत नाही म्हणून.

मोतीशांनी दोन्ही केले. शत्रुंजयावरील दोन शिखरांमधील कुंतासरची दरी भरवून त्यांनी आपली टूंक उभारण्यास प्रारंभ केला. १८३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १८३७ मध्ये पुत्र खीमचंद यांच्या हस्ते प्रतिष्ठा पार पडली. पालिताण्यास जाणारा प्रत्येक यात्रेकरू त्या टुंकेचे नाव घेतो. भुलेश्वरला खरेदीस जाणाऱ्या किती श्रावकांना पांजरापोळीशी मोतीशांचे नाते ठाऊक असेल? दान एकाच हाताचे होते. लक्षात काय ठेवावे, हे मागाहून आलेल्यांनी ठरविले.

पांजरापोळीतून बाहेर पडून भुलेश्वराच्या देवळावरून मुंबादेवीकडे चालू लागले की बाजाराचा रंग बदलतो. मुंबादेवीपाशीही एके काळी तलाव होता, तोही बुजला. तेथून काही पावलांवर झवेरी बाजार. अरुंद जिन्यांवरच्या खोल्यांत कारागीर मान खाली घालून काम करीत असतात. येथे सोन्याचा कणही वाया जात नाही. दिवस मावळला की कारखान्याची जमीन झाडून केर जपून ठेवतात, आणि झारेकरी तो तोलामोलाने विकत घेऊन त्यातले सोने धुऊन काढतात. कारागीर हात धुतात ते पाणीसुद्धा मोरीत जात नाही. ते पिंपात साठवतात, गाळ खाली बसू देतात आणि त्या गाळाचाही भाव ठरतो.