बर्ट ट्राउटमान आणि एक पत्र

विद्यालयाच्या स्मरणिकेत एका जर्मन गोलरक्षकावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्ही जे वसतिगृहात राहून येथल्या मैदानावर फुटबॉल खेळलो, त्यांना बर्ट ट्राउटमान हे नाव एका शौर्यकथेमुळे ठाऊक आहे : मान मोडलेली असताना अंतिम सामना पुरा करणारा वीर. ती कथा खरी आहे. परंतु वय वाढले तसे आमचे मन त्या मानेपेक्षा, तिच्या साडेसहा वर्षे आधी लिहिल्या गेलेल्या एका पत्रापाशी अधिक घुटमळू लागले.

ट्राउटमान यांचा जन्म १९२३ साली ब्रेमेन येथे कामगार कुटुंबात झाला. दहाव्या वर्षी ते हिटलरच्या बालसंघटनेत गेले आणि पुढे स्वखुशीने सैन्यात. छत्रीधारी सैनिक म्हणून रशियाच्या आघाडीवर लढताना त्यांना ‘आयर्न क्रॉस’ मिळाला. तेथेच एका जंगलात निःशस्त्र स्त्रीपुरुषांची सामुदायिक हत्या आपण लपून पाहिली, असे त्यांनी उत्तरायुष्यात सांगितले. अखेर ब्रिटिशांच्या हाती सापडून ते लँकेशायरमधील युद्धकैद्यांच्या छावणीत आले. त्यांची नोंद प्रारंभी नाझी म्हणूनच झाली होती. हे सारे आम्ही मुद्दाम लिहितो. त्यांना निष्पाप ठरवून पुढे जाणे सोपे आहे. पण मग पत्राला फारसा अर्थ उरत नाही.

छावणीतील एका सामन्यात दुखापत झाल्यावर त्यांनी गोलरक्षकाशी जागा बदलली. पुढे तीच त्यांची जागा झाली. १९४८ मध्ये मायदेशी परतण्याची मुभा असूनही ते इंग्लंडमध्ये राहिले, शेतावर राबले, न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामावर गेले, सेंट हेलेन्स टाउनकडून खेळले. ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना करारबद्ध केले आणि शहर खवळले. युद्ध संपून चारच वर्षे झाली होती. मँचेस्टरमध्ये ज्यूंची वस्तीही मोठी. सुमारे वीस हजार लोक निषेधासाठी रस्त्यावर आले. नॉर्मंडीत लढून आलेले कर्णधार एरिक वेस्टवुड यांनी मात्र, आपल्या खेळाडूंच्या खोलीत युद्ध नाही, असे सांगून त्यांना संघात घेतले.

त्या शहरातील ज्यू समाजाचे धर्मगुरू अलेक्झांडर आल्टमान १९३८ मध्ये जर्मनीतून निसटून आले होते. त्यांचे वडील, तेही धर्मगुरूच, १९४४ साली आउश्विट्झ येथे मारले गेले. या माणसाने वृत्तपत्रात खुले पत्र लिहिले. जर्मनांच्या क्रौर्यावर त्यांनी पांघरूण घातले नाही. ज्याचा त्या गुन्ह्यांशी संबंध नाही अशा एकट्या माणसाला द्वेषापोटी शिक्षा करू नये, प्रत्येकाचा विचार वेगळा व्हावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विरोध हळूहळू ओसरला.

ज्यांच्या आजोबांना केवळ जन्मावरून गावकुसाबाहेर ठेवले गेले, अशा घरांतून आम्ही आलो. त्यामुळे हे पत्र आम्हांला सहज पचले नाही. पीडितानेच मन मोठे करावे, हा उपदेश आम्ही फार ऐकला आहे, आणि तो बहुधा ज्यांचे काहीच गेलेले नसते त्यांच्याकडून. आल्टमान यांच्यावर तशी सक्ती झाली असती, तर पत्राचे मोल शून्य झाले असते. शिवाय त्यात क्षमा कोठेच नाही. माणूस जन्माने नव्हे, आचरणाने ओळखावा, ही तथागतांची शिकवण आम्ही रोज वंदनेनंतर ऐकत असू. ती स्वतःसाठी मागणे आम्हांला कधी जड गेले नाही. ज्यांनी बाप मारला त्यांच्या गोटातून आलेल्या माणसालाही तीच कसोटी लावणे, हे आम्हांला जमले असते का, याचे उत्तर अजून आमच्याजवळ नाही.

ट्राउटमान यांनाही सारे फुकट मिळाले नाही. भिक्खू झाल्यावरही अंगुलिमाल भिक्षेला गेला की लोकांचे दगड खाऊन परते, आणि तथागतांनी त्याला ते सोसण्यास सांगितले. ट्राउटमान यांच्या वाट्याला शिव्या आल्या. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्ध संघ एका गोलने हरला. पण त्यांनी इतके गोल अडवले की ज्यांनी शिव्या घातल्या, तेच शेवटी उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मानेची हकिगत थोडक्यात सांगतो. ५ मे १९५६, वेंब्ली, एफ. ए. चषकाचा अंतिम सामना. सतरा मिनिटे उरली असताना बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फी यांच्या पायांवर झेप घेताना धडक बसली. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. ते तसेच उभे राहिले आणि सिटीने ३–१ असा विजय मिळवला. काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत मानेचे पाच मणके सरकलेले आणि एक दुभंगलेला आढळला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांचा पाच वर्षांचा मुलगा मोटारीखाली सापडून गेला. शौर्यकथा सांगणारे बहुधा येथपर्यंत येत नाहीत.

सिटीसाठी ते १९६४ पर्यंत ५४५ सामने खेळले. पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. परदेशी खेळणाऱ्यांना तेव्हा घेत नसत. पुढे जर्मन फुटबॉल संघटनेने त्यांना प्रशिक्षक म्हणून दूरदूरच्या देशांत धाडले, आणि त्यांतला पहिला देश होता बौद्धांचा ब्रह्मदेश. १९५४ च्या बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब ज्या रंगूनला गेले होते, तेथेच हिटलरचा हा जुना सैनिक ब्रह्मी तरुणांना चेंडू झेलायला शिकवत होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ब्रह्मदेशाचा संघ खेळला आणि त्याने सुदानवर दोन गोलांनी विजय मिळवला.