पाटी

परमुलखात गेलेल्या माणसाला तेथील रस्त्यांची, इमारतींची आणि गर्दीची सवय हळूहळू होते. पाट्यांची सवय मात्र लवकर होत नाही. ज्याने मोठेपणी, दिवसभराचे कष्ट उरकून अक्षरओळख करून घेतली आहे, त्याला तर वाचता न येणारी पाटी जुन्या दुखण्यासारखी सलते.

बेंगळुरूच्या आग्नेय भागातून जुन्या सर्जापूर गावाकडे जाणारा रस्ता म्हणजे सर्जापूर रोड. एके काळी या बाजूला शेते, तळी आणि लहान लहान गावे होती. आज तेथे उंच इमारती आणि संगणक कंपन्या उभ्या आहेत. गावे संपली, तरी नावे मात्र टिकून आहेत. अशाच एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे एक वृद्ध जोडपे मुलाकडे राहायला आले होते.

मुलगा आणि सून कामावर जात, नात शाळेत जाई. आजोबा एसटीतून निवृत्त झालेले वाहक. ते खाली उतरून रखवालदाराशी मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा मारत. आजी मात्र दाराबाहेर पडत नसत. १९९० च्या दशकात, मुलगा चौथीत असताना, त्या रात्रीच्या साक्षरता वर्गात जाऊन लिहायला-वाचायला शिकल्या होत्या. बसची पाटी स्वतः वाचून त्या प्रथमच एकट्या साताऱ्याला गेल्या, तो दिवस त्यांच्या मनात कायम होता. येथे बहुतेक पाट्या कन्नड आणि इंग्रजीत. "मी पुन्हा अडाणी झाले," असे त्या एकदा सुनेला म्हणाल्या. दोन महिन्यांसाठी आलेल्या आजींनी पंधराव्या दिवशीच परतीचे तिकीट काढायला सांगितले.

"आई, जायचंच असेल तर जा, पण आधी शहर तरी पाहा," सून म्हणाली. रविवार ठरला.

रिक्षाने सिल्क बोर्ड चौक गाठून सर्वजण मेट्रोत बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या मार्गामुळे हा प्रवास सोपा झाला होता. आर. व्ही. रोड स्थानकावर गाडी बदलून ते लालबागेत पोहोचले. १७६० मध्ये हैदरअलीने या बागेचा पाया घातला. तेथील काचघराची पायाभरणी १८८९ मधली आहे. पण आजोबांना भावला तो बागेतला उघडा खडक. तो सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, असे मुलाने सांगताच आजोबांनी पायातील चपला काढल्या आणि अनवाणीच ते वर चढले. आजी खाली सावलीत बसून होत्या. फलकांवरची गोल गोल अक्षरे पाहून त्यांनी नजर वळवली.

पुढचा मुक्काम कृष्णराजेंद्र मार्केट. तेथील फुलबाजारात पाऊल ठेवताच आजी थबकल्या. शेवंतीचे ढीग, झेंडूच्या राशी, मोगऱ्याचा वास! एका विक्रेतीने शेवंतीकडे बोट दाखवून म्हटले, "सेवंतिगे." झेंडूकडे हात करून म्हणाली, "चेंडु हूवु." आजींना हसू आले. चेंडूसारखे फूल म्हणून चेंडूचे फूल. यात न समजण्यासारखे काय होते?

"एष्टु?" नातीने शिकवलेला शब्द त्यांनी धीर करून उच्चारला.

"ऐवत्तु."

"आजी, पन्नास म्हणतात त्या," नात कुजबुजली.

"चाळिसाला काय म्हणतात गं?"

"नलवत्तु."

"नलवत्तु!" आजी ठामपणे म्हणाल्या. विक्रेती खळखळून हसली. तिने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत सेवंतिगेची माळ मोजली. हे माप म्हणजे 'मोळ'. कोरेगावच्या बाजारातही आजींनी अशीच हाताने मोजलेली माळ अनेकदा घेतली होती. पंधरा दिवसांत घराबाहेर त्यांनी स्वतः केलेला हा पहिला व्यवहार.

जवळच किल्ल्याचा उरलेला दगडी भाग आहे. तेथे आजोबांना कंठ फुटला. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरकरांनी जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, बाल शिवाजीही येथे काही काळ राहिले, हे त्यांनी नातीला सांगितले. शहाजीराजांच्या दरबारी आलेल्या जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात अनेक भाषांतील कवने आहेत. त्यांत कानडीही आहे. "म्हणजे तेव्हाही इथे सगळ्या भाषा एकत्र नांदत होत्या," नात म्हणाली. पलीकडच्या चिक्कपेटेचे नाव ऐकून आजी उद्गारल्या, "पेटे म्हणजे आपली पेठच की!"

संध्याकाळी सर्वजण मल्लेश्वरमला गेले. तेथील संपिगे रस्ता म्हणजे चाफ्याचा रस्ता. काडु मल्लेश्वराच्या, म्हणजे रानातल्या मल्लेश्वराच्या देवळात आजींनी आपली माळ वाहिली. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी यांनी या देवाला गाव दान दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. आजोबांनी हात जोडले. आजींनी मात्र एवढेच विचारले, "त्यांना इथली भाषा येत असेल का रे?"

"इथे राहायचं म्हणजे यायलाच हवी," मुलगा म्हणाला.

परतताना सर्जापूर रोडवर वाहने अडकून पडली होती. समोरच्या बसवरील पाटीकडे नातीने बोट दाखवले. "आजी, शेवटची दोन अक्षरं बघ. हळ्ळी. म्हणजे गाव. आपल्यासारखा 'ळ' कन्नडमध्येही आहे." आजींनी ते वळण डोळ्यांत साठवले. थोड्या वेळाने एका दुकानावरील पाटी पाहून त्या एकदम म्हणाल्या, "इथेही हळ्ळी!" कैकोंड्रहळ्ळीची ती पाटी होती.

कन्नड वर्णमालाही मराठीसारखीच अ, आ, इ, ई आणि क, ख, ग, घ अशी चालते. अक्षरांचे रूप तेवढे निराळे. जो एकदा अक्षरे शिकला, त्याला शिकण्याची वाट ठाऊक असते. दुसऱ्यांदा ती वाट फक्त पुन्हा चालावी लागते.

रात्री मुलाने विचारले, "आई, तिकीट कधीचं काढू?"

"ते राहू दे सध्या," आजी म्हणाल्या. "येताना उद्या एक पाटी आणि पेन्सिल घेऊन ये."