आबांची तबकडी

दोस्तांनो, तुम्हांला एखादं गाणं ऐकावंसं वाटलं तर तुम्ही काय करता? मोबाइल घेता, नाव टाकता, झालं! पण एका तबकडीसाठी मी आमच्या नरसी नामदेवहून थेट मुंबई गाठली होती, असं सांगितलं तर हसाल ना? माझ्या वर्गातली मुलंही हसली होती. पण काय करणार? माझ्यावर आबांचं कर्ज होतं. कसलं कर्ज, ते आधी ऐका.

नरसी हे हिंगोली जिल्ह्यातलं, कयाधू नदीकाठचं गाव. संत नामदेवांचं जन्मस्थान म्हणून सगळे ओळखतात. आमच्या घरी एच.एम.व्ही.चा छोटा रेकॉर्ड प्लेअर होता आणि मोजून चार तबकड्या. मुंबईत नोकरीला असलेल्या काकांनी त्या आबांसाठी, म्हणजे माझ्या आजोबांसाठी आणलेल्या. त्यांतली एक आबांची फार लाडकी. पंडित भीमसेन जोशींनी गायलेल्या अभंगांची. तिच्यात आमच्या नामदेवांचाही अभंग होता! एकादशीला आबा ती धोतराच्या सोग्यानं हळूच पुसायचे, वर सुई टेकवायचे, आणि ओसरीवर शेजारपाजारचे गोळा व्हायचे.

१९९५ चा मे महिना. मी सात वर्षांची. आजीनं अंगणात बाजेवर पापड वाळत घातले होते. मला वाटलं, तबकडीही पापडासारखीच गोल की! तिलाही जरा ऊन दाखवू. दुपारी जाऊन पाहते तर काय, तबकडीच्या कडा पापडासारख्याच वर आलेल्या! सुई टेकवली की आवाज गटांगळ्या खायचा आणि सुई उडी मारून पुढं जायची.

आबा रागावले नाहीत. "लेकराला काय कळतंय," एवढंच म्हणाले आणि तबकडी कव्हरात घालून ठेवली. त्यानंतर आमच्या ओसरीवर ते गाणं कधी वाजलं नाही. पुढं आबाही गेले. खरं सांगू? ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तबकडी वाकडी का झाली? ती विनाइल नावाच्या प्लास्टिकची होती. ऊन लागलं की ते मऊ पडतं. तबकडीवर नीट पाहिलंत तर बारीक खाच दिसते. एका बाजूला एकच खाच, काठापासून मध्यापर्यंत जिलबीसारखी गोल गोल गेलेली. त्या खाचेच्या वळणांत आवाज कोरलेला असतो. सुई त्यातून जाताना थरथरते आणि त्या थरथरीतून गाणं उमटतं. त्याआधीच्या तबकड्या लाखेच्या असत. हो, बांगड्यांना लावतात तीच लाख! त्या हातातून पडल्या की बशीसारख्या फुटत. एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटं गाणं मावे. १९०२ साली कोलकात्याला गौहर जान या गायिकेनं असं तीन मिनिटांत गाणं बसवलं. भारतात झालेल्या पहिल्यावहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. पुढं १९४८ मध्ये अमेरिकेत विनाइलची मोठी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली.

तर अशी तबकडी आणायला मी २०१६ च्या उन्हाळी सुट्टीत निघाले. हिंगोलीहून एस.टी.नं परभणी, तिथून देवगिरी एक्स्प्रेस. सकाळी मुंबई! पत्ता डोक्यात पक्का होता. काकांनी किती वेळा सांगितलेला. फोर्टातला काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरीसमोर, ऱ्हिदम हाउस. १९४० च्या दशकात सुरू झालेलं हे दुकान. काका म्हणायचे, "तिथं गाणं ऐकायला पैसे लागत नव्हते. एका कप्प्यात उभं राहायचं, हवी ती तबकडी लावून घ्यायची. खिशात दमडी नसली तरी तासभर ऐकायचं. नाव आठवत नसलं तर नुसतं गुणगुणायचं, दुकानातला माणूस बरोबर हुडकून द्यायचा!"

बोरीबंदरहून हुतात्मा चौकावरून चालत चालत मी काळा घोड्याला पोहोचले. दुकानाचं दार बंद! वाटलं, आज सुट्टी असेल. तिथंच उभ्या असलेल्या एका गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, फेब्रुवारीच्या शेवटी कायमचं बंद झालं." अवघा अडीच-तीन महिन्यांचा उशीर! मी तिथंच पायरीशी थांबले. आबांची तबकडी इथूनच आली होती ना!

गंमत म्हणजे तिथं तेव्हा घोडाही नव्हता. राजा सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळा पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो आता भायखळ्याला आहे. बिनस्वाराचा नवा काळा घोडा आला तो २०१७ मध्ये. मधली पन्नासेक वर्षं घोडा नव्हता, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं, म्हणून जागा राहिली.

अशी दुकानं एकाएकी गेली नाहीत. १९८० नंतर कॅसेट आली. स्वस्त, आणि घरीही भरता येणारी. मग सी.डी. आली, मग मोबाइल. ऱ्हिदम हाउसनं कॅसेट आणि सी.डी.ही विकल्या. पण खिशातच गाणं आल्यावर दुकानात कोण जाणार?

त्या गृहस्थांनी मला चोर बाजाराचा रस्ता सांगितला. तिथल्या मटन स्ट्रीटवर जुन्या सामानात तबकड्यांचे गठ्ठे होते. दोन तास धूळ खाल्ली. आणि सापडली! कव्हरावर निळ्या शाईत लिहिलेलं, "ताईस, दिवाळीची भेट." कुणाची ताई, कोण जाणे. परतीच्या गाडीत रात्रभर ती मांडीवर घेऊन बसले. उन्हाच्या बाजूला ठेवली नाही, हे सांगायला नकोच!

हिंगोलीत प्लेअर दुरुस्त करून घेतला आणि एकादशीला ओसरीवर लावला. आजी भिंतीला टेकून ऐकत होती. नामदेवांचा अभंग संपला, तशी ती म्हणाली, "अगं माय, तुझे आबा ह्याच्यापुढं अजून एक कडवं म्हणायचे." आणि कापऱ्या आवाजात तिनं ते आबांच्या चालीवर म्हटलं.

मी तर चाटच पडले! आबांची ती चाल ना तबकडीवर होती, ना चोर बाजारात, ना मोबाइलवर. ती फक्त आजीजवळ होती. अन् इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी लगेच मोबाइल काढला आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं.

नामदेवांना होऊन सातशे वर्षं झाली. त्यांच्या वेळी कुठली तबकडी? तरी त्यांचे अभंग नरसीपासून पंजाबातल्या घुमानपर्यंत पोहोचले, शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही गेले. कारण कुणीतरी म्हटले, आणि कुणीतरी "पुन्हा म्हणा" म्हणालं.

ऱ्हिदम हाउस आता तुम्हांला पाहता येणार नाही. पण तिथं चालायचं ते काम तुम्ही करू शकता. आज रात्री जेवणं झाली की आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, "तुम्हांला कुठलं गाणं येतं?" ते आधी "आता कुठं आठवतंय" म्हणतील. तरी उठू नका. गुणगुणू द्या. मग लिहून घ्या. आणि हो, वही उन्हात ठेवू नका!